शिवी ओळखायची कुणी?

२०२४ चा नोव्हेंबर. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. एक्सवरून, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरून, माणसं लोंढ्यानं बाहेर पडत होती आणि ब्लूस्काय नावाच्या नव्या समाजमाध्यमावर येऊन धडकत होती. त्या धामधुमीत ब्लूस्कायच्या सुरक्षा विभागानं जाहीर केलं, की चोवीस तासांत त्यांच्याकडे ४२,००० हून अधिक तक्रारी आल्या आहेत आणि ताशी तीन हजारांच्या वेगानं येत आहेत. २०२३ च्या बारा महिन्यांत मिळून आलेल्या तक्रारी होत्या सुमारे ३ लाख ६० हजार.

या तक्रारींत शिवीगाळ होती, धमक्या होत्या, फसवणूक होती, खोटी खाती होती आणि बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रंही होती. हे सगळं डोळ्यांखालून घालणारे कंत्राटी मॉडरेटर होते पंचवीसच्या घरात. ती संख्या शंभरावर नेणार असल्याचं ब्लूस्कायच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख आरन रॉडरिक्स यांनी तेव्हा सांगितलं. वर्षअखेरीस हिशेब लागला: सदस्य २८ लाख ९० हजारांवरून २ कोटी ५९ लाखांवर गेले होते आणि तक्रारी ६४ लाख ८० हजारांवर. सदस्य नऊपट वाढले, तक्रारी अठरापट.

शंभर माणसांनी अडीच कोटींवर लक्ष ठेवायचं, हे गणित कागदावरही जुळत नाही. त्यात ही अडीच कोटी माणसं इंग्रजीत लिहितात तशी पोर्तुगीजमध्ये लिहितात, जपानीत लिहितात, थोडीबहुत मराठीतही लिहितात. मजकूर वाचून तो टोमणा आहे की धमकी, चेष्टा आहे की जातीवरून केलेला अपमान, हे ठरवायला ती भाषा यावी लागते, आणि भाषेबरोबर ते गावही माहीत असावं लागतं.

हे न कळण्याची किंमत जगानं म्यानमारमध्ये पाहिली. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात एक साधी नोंद होती: २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे तक्रारी आलेला मजकूर तपासणारी आणि बर्मी भाषा जाणणारी माणसं होती फक्त दोन. त्या काळात रोहिंग्या मुसलमानांविरुद्धचा विखार फेसबुकवरून बिनबोभाट पसरत होता. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकानं २०१८ मध्येच फेसबुकच्या भूमिकेवर कडक ताशेरे ओढले, आणि आपण पुरेसं काही केलं नाही अशी कबुली कंपनीनं नोव्हेंबर २०१८ मध्ये दिली. तोवर सात लाखांहून अधिक माणसं देश सोडून बांगलादेशात पोचली होती.

भारताची गोष्ट फार वेगळी नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं की भारताच्या २२ अधिकृत भाषांपैकी पाचच भाषांसाठी कंपनीनं आपली यंत्रणा शिकवून तयार केली आहे. उरलेल्या सतरा भाषांतली शिवी यंत्राच्या लेखी शिवीच नव्हती.

मजकुराची राखण एकाच कंपनीच्या कचेरीतून करायची का, हा प्रश्न इथून सुरू होतो. ब्लूस्कायनं त्याचं एक उत्तर पुढे ठेवलं. ते अपुरं आहे, त्यात धोकेही आहेत. तरी ते समजून घेण्याजोगं आहे, कारण मराठी माणसांच्या एखाद्या लहान गटालाही ते हाती घेता येईल असं आहे.

*

ब्लूस्कायची मुळं ट्विटरमध्येच आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी जाहीर केलं, की समाजमाध्यमांसाठी एक खुलं मानक तयार करायला ट्विटर एका लहान स्वतंत्र गटाला पैसा देईल. त्याच वर्षी तंत्रज्ञानावर लिहिणारे माइक मॅस्निक यांचा एक दीर्घ निबंध आला होता. बोलण्याच्या जागा एकेका कंपनीच्या मालकीच्या असण्यापेक्षा ईमेलसारख्या खुल्या मानकावर उभ्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. ऑगस्ट २०२१ मध्ये जे ग्रेबर यांच्याकडे या कामाची सूत्रं आली. पुढे ब्लूस्काय ट्विटरपासून वेगळी झाली, आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निमंत्रणाची अट काढून सगळ्यांसाठी खुली झाली.

त्याआधीच तिला पहिला ठसका लागला होता. जुलै २०२३ मध्ये कुणीतरी कृष्णवर्णीयांविरुद्धची अत्यंत घाणेरडी शिवी आपल्या खात्याच्या नावातच घातली, आणि नोंदणीच्या यंत्रणेनं ती अडवली नाही. अनेक कृष्णवर्णीय सदस्यांनी संताप व्यक्त केला, काहींनी लिहिणंच थांबवलं. कंपनीनं चूक मान्य केली. आपली राखण दुसऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही, हा धडा मात्र त्या सदस्यांच्या मनात पक्का झाला.

१२ मार्च २०२४ रोजी ब्लूस्कायनं आपल्या मॉडरेटरांचं स्वतःचं साधन, ओझोन, सर्वांसाठी खुलं केलं. त्याचा सोर्स कोड कुणीही घ्यावा, आपल्या सर्व्हरवर बसवावा आणि स्वतःची मॉडरेशन सेवा सुरू करावी. अशा सेवेला तिथे लेबलर म्हणतात. कंपनीची राखण तळाला राहते, आणि सदस्य आपल्या पसंतीचे लेबलर त्यावर थरासारखे चढवत जातो. एका वेळी असे वीस लेबलर घेता येतात. कंपनीचा स्वतःचा लेबलर मात्र तिच्या ॲपमधून वगळता येत नाही.

लेबलर कुणाची पोस्ट पुसू शकत नाही, हे आधी स्पष्ट असावं. तो फक्त खूण लावतो. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. त्यानं माल दुकानातून उठत नाही, पण घेणाऱ्याला काय घेतोय ते कळतं, तसंच हे. ही खूण दिसते फक्त त्या लेबलरची सेवा घेतलेल्यांना. त्यातही अमुक लेबल असलेली पोस्ट पूर्ण लपवायची, इशारा देऊन दाखवायची की नुसतीच दाखवायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ज्यानं सेवा घेतली नाही, त्याच्या पडद्यावर काहीच बदलत नाही.

*

सेवा उभी करण्याचं तांत्रिक काम ऐकायला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ओझोनच्या मार्गदर्शिकेप्रमाणे उबुंटू २२.०४ चालणारा, दोन कोअरचा, २ जीबी रॅमचा आणि ४० जीबी डिस्कचा सर्व्हर पुरतो. असा सर्व्हर महिन्याला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास भाड्यानं मिळतो. एक डोमेन लागतं, त्याचा पत्ता सर्व्हरकडे वळवावा लागतो, ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट उघडे ठेवावे लागतात. बाकीचं सामान डॉकरमधून येतं: ओझोन स्वतः, नोंदी ठेवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आपोआप मिळवणारं कॅडी.

पहिली खरी निवड खात्याची असते. लेबलरसाठी वेगळं, नवं खातं उघडावं, कुणाचं वैयक्तिक खातं वापरू नये. प्रत्येक लेबल त्या खात्याच्या कायमस्वरूपी ओळखीखाली बाहेर पडतं. ज्याच्या नावावर ते चालतं तो माणूस उद्या गटातून निघून गेला, तर सगळ्यांनी मिळून कमावलेला विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

मग सही करण्याची गुप्त किल्ली तयार करायची. त्या खात्यानं पहिल्यांदा ओझोनमध्ये प्रवेश केला, की सेवा जाहीर करायची का असं विचारलं जातं. ईमेलवर आलेला सांकेतिक क्रमांक दिला, की खात्याच्या सार्वजनिक ओळखपत्रात दोन नोंदी जोडल्या जातात: लेबलांवरची सही पडताळण्याची किल्ली आणि सेवेचा पत्ता. त्या क्षणापासून जगातलं कुठलंही सुसंगत ॲप या लेबलरची लेबलं वाचू शकतं, आणि ती खरोखर त्याच्याच सहीची आहेत हे तपासू शकतं. ही सेवा घेतलेला सदस्य पोस्टची तक्रार करू लागला, की ती कुठल्या सेवेकडे पाठवायची, या यादीत आता कंपनीबरोबर या गटाचंही नाव दिसू लागतं.

आत कामाची वाटणी तीन पायऱ्यांवर होते. प्राथमिक छाननी करणारे तक्रारी पाहतात, टिपण लिहितात, गंभीर असेल ते वर पाठवतात. मॉडरेटर लेबल लावतात किंवा तक्रार निकाली काढतात. प्रशासक माणसं नेमतो आणि सेवेची मांडणी ठरवतो. प्रत्येक कृतीची नोंद राहते: कुणी लावलं, कधी लावलं, काय शेरा लिहिला. चुकून लावलेलं लेबल मागे घ्यायचं तर मागे घेतल्याचीही सही केलेली सूचना सगळीकडे जाते. ज्याच्यावर लेबल लागलं, त्याला ॲपमधूनच त्या लेबलरकडे दाद मागता येते.

लेबलांची नावं गटानंच ठरवायची असतात, आणि प्रत्येक लेबलाचं नाव व वर्णन अनेक भाषांत देण्याची सोय आहे. मराठीत दिलं तर मराठीत दिसेल. पडद्यावर ‘जातिवाचक अपमान’ असं स्वच्छ मराठीत लिहून येणं आणि परभाषेतला एखादा मोघम इशारा येणं, यात वाचणाऱ्याच्या दृष्टीनं फार मोठं अंतर आहे.

*

ही कल्पना सगळ्यांत नेटानं राबवली ती ब्लॅकस्कायनं. न्यूयॉर्कचे तंत्रज्ञ रूडी फ्रेझर यांनी २०२३ मध्ये कृष्णवर्णीय सदस्यांसाठी या नावाचं एक फीड, म्हणजे निवडक पोस्टींचा प्रवाह, सुरू केलं. आपली माणसं एकमेकांना सापडावीत, एवढाच पहिला हेतू होता. पण माणसं एका जागी जमली, की त्यांना त्रास देणारेही तिथेच जमतात. मग मॉडरेटरांचा गट आला, मग लेबलर आला. कृष्णवर्णीयांचा छळ आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा वर्ण व लिंग या दोन्हींवरून होणारा छळ, अशी वेगळी लेबलं त्यांनी ठेवली. बाहेरच्या मॉडरेटरला जो मजकूर वरवर निरुपद्रवी वाटेल, तो त्या समाजातल्या माणसाला पहिल्या ओळीत कळतो. खर्च मुख्यतः देणग्यांवर चालतो. पुढे या गटानं रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ब्लूस्कायच्या मानकाची स्वतःची मांडणी लिहिली, स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि स्वतःचं ॲपही आणलं. एका फीडपासून दोन वर्षांत इतकी मजल गेली.

इतर लेबलर तऱ्हेतऱ्हेचे आहेत. एक जण दुसऱ्या माध्यमांवरच्या पोस्टींचे स्क्रीनशॉट ओळखून त्यांना खूण लावतो, म्हणजे ज्यांना ती भांडणं इथे नको आहेत त्यांना ती लपवता येतात. एक जण पत्रकारांची ओळख पडताळून लेबल देतो. ब्रिटनमधल्या सार्वजनिक व्यक्तींपैकी भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांत कोण शिकलं, हे दाखवणाराही एक लेबलर आहे.

या शेवटच्या उदाहरणापाशी थांबायला हवं. सत्तेच्या जागी बसलेल्यांची पार्श्वभूमी दाखवणं हे पत्रकारितेचंच काम म्हणता येईल. पण यंत्र तेच राहतं आणि लेबलावरचे शब्द बदलता येतात. आडनावावरून जात ओळखून सामान्य माणसाच्या खात्यावर ती चिकटवणारा लेबलर उद्या कुणी आपल्याकडे काढला, तर तंत्र त्याला अडवणार नाही. दादही त्याच्याचकडे मागावी लागेल. लेबल मजकुरावर लावायचं की माणसावर, हे म्हणूनच प्रत्येक गटानं आपल्या नियमांत सर्वांत आधी लिहून ठेवलं पाहिजे. माणसाच्या जन्मावर लेबल लावणं कुठल्याही कारणानं क्षम्य नाही.

दुसरा धोका सरकारांकडून येतो, आणि तो घडूनही गेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तानातल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्य संघटनेनं दाखवून दिलं, की सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायनं ७२ खाती त्या देशात दिसेनाशी केली आहेत. त्यांतली ५९ राष्ट्रीय सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांखाली. हे काम झालं ते लेबलांच्याच यंत्रणेतून. त्या देशापुरता एक लेबलर, आणि कंपनीच्या ॲपमध्ये तो त्या देशातल्या सदस्यांना सक्तीचा. त्याच मानकावर चालणाऱ्या इतरांच्या ॲपमध्ये ती सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे ती खाती दिसत राहिली. सदस्याच्या हाती निवड देणारं साधन आणि सरकारच्या हाती कात्री देणारं साधन एकच निघालं. फरक पडला तो लेबलर कुणी निवडला यानं.

*

काय आक्षेपार्ह आणि ते ठरवणार कोण, या प्रश्नाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर एका तरुणीनं प्रश्न विचारला, दुसरीनं तो लाइक केला, आणि पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली. त्या अटकेनं अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम रद्द झालं. त्या कलमातले ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ यांसारखे शब्द इतके सैल होते, की त्यांत काहीही बसवता आलं असतं. लेबलांची वर्णनं लिहायला बसणाऱ्या प्रत्येक गटानं तो निकाल वाचावा. सैल शब्द लिहिले, की ज्याच्या हाती खूण लावण्याचं काम त्याची मर्जी चालते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या नियमांनी समाजमाध्यमांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची जबाबदारी टाकली. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत तेव्हा घातली गेली. नंतरच्या दुरुस्त्यांनी काही मुदती आणखी आवळल्या. स्वयंसेवी लेबलर गटासाठी या नियमांत वेगळा वर्ग नाही. एका बाबतीत मात्र गटाला काही ठरवायचंच नसतं. बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर दिसला, तर तो जपून ठेवायचा नाही, आपापसांत पाठवायचा नाही. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवायचं. ब्लूस्कायची मध्यवर्ती यंत्रणा असा मजकूर स्वतः हाताळते. २०२४ मध्ये तिनं अशी १,१५४ खात्रीशीर प्रकरणं अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवली.

मराठीपुरतं पाहिलं तर हाताशी काहीच नाही असं नाही. २०२१ मध्ये मराठीतल्या आक्षेपार्ह भाषेचा सुमारे २,५०० ट्वीटांचा एक संच संशोधकांनी माणसांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटानं ‘महाहेट’ हा २५,००० हून अधिक ट्वीटांचा संच खुला केला. त्यात प्रत्येक ट्वीटला चारांपैकी एक वर्ग दिला आहे: द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील किंवा यांपैकी काहीच नाही. अशा संचांवर शिकवलेलं यंत्र तक्रारींची पहिली चाळणी करू शकतं.

शेवटचा निवाडा मात्र त्याच्यावर सोडता येणार नाही. मालवणीत शिवी लाडाचीही असते आणि भांडणाचीही. वऱ्हाडातल्या मित्रांची टिंगल पुण्यातल्या वाचकाला भांडण वाटू शकते. उलट बाजूनं, आरक्षणाबद्दल अतिशय सभ्य शब्दांत लिहिलेल्या वाक्यात जातीचा डंख पुरेपूर असू शकतो, आणि तिथे यंत्राला शिवीच सापडत नाही. त्यात रोमन लिपीत लिहिलेली मराठी, मुद्दाम चुकवलेलं शुद्धलेखन, शिवीच्या मधोमध घातलेले तारे. हे वाचायला त्या त्या बोलीतलं, त्या त्या समाजातलं माणूस गटात असावं लागतं. जातिवाचक अपमानाचा निर्णय घेणाऱ्या खोलीत दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातली माणसं नसतील, तर तो निर्णय घेण्याचा त्या खोलीला अधिकार नाही.

आणि या माणसांचीही काळजी घ्यावी लागते. रोज तासन्‌तास हिंसा आणि विखार वाचून मनावर जखमा होतात, हे अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२० मध्ये फेसबुकनं आपल्या आजी-माजी मॉडरेटरांशी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. हे लोक पगारी होते. संध्याकाळी कामावरून येऊन फुकटात तक्रारी वाचणाऱ्याला मर्यादा अधिकच घालून द्यावी लागेल: आठवड्याला किती तास, सलग किती, जड प्रकरणानंतर सुट्टी किती, आणि बोलायला कोण.

मराठी लेबलर काढू पाहणाऱ्या गटापुढचं काम त्यामुळे बरंचसं कागदावरचं आहे. लेबलं पाच-सहाच असावीत, आणि प्रत्येकाखाली काय येतं व काय येत नाही याची उदाहरणं लिहिलेली असावीत. गंभीर लेबलाला दोघांची संमती लागावी. दाद मागणाऱ्याचं प्रकरण मूळ निर्णय घेणाऱ्याकडे परत जाऊ नये. किती लेबलं लावली आणि किती मागे घेतली, याचा हिशेब दर तिमाहीला जाहीर व्हावा. मतदानाच्या आदल्या रात्री आणि एखाद्या पुतळ्यावरून गावं पेटलेली असताना कोण जागं राहणार, याची पाळी आधीच लागलेली असावी. ब्लॅकस्कायमध्येही आधी माणसं जमली आणि सर्व्हर मागाहून आले. इथेही पाच-सात जणांनी महिनाभर सार्वजनिक पोस्टींवर नुसता सराव करावा, एकाच पोस्टला कुणी कुठलं लेबल लावलं ते ताडून पाहावं, मतभेद लिहून ठेवावेत, आणि त्यांतून नियमांचा मसुदा पक्का झाला की मग डोमेन विकत घ्यावं.